युकुलेले सुरात का राहत नाही?

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत एक चिमुकले वाद्य येऊन बसले आहे. दिसायला गिटारचे धाकटे भावंड, तारा मात्र चारच. कुणाच्या मामूने मस्कतहून आणले, कुणी वाढदिवसाला ऑनलाइन मागवले, कुणी थोरल्या भावाचे जुने उचलले. पहिला आठवडा घरभर टणटण चालते. दुसऱ्या आठवड्यात तक्रार सुरू होते, "अम्मी, हे सुरातच राहत नाही." महिनाभरात वाद्य कपाटावर जाते आणि घरात कुणीतरी बोलून जाते, "आपल्या मुलाला सुराचा कानच नाही."

हे शेवटचे वाक्य आम्हाला फार खटकते. वाद्य घरात असावे की नसावे याबाबत आपल्या घरांत दोन मते आहेत, ती आम्हाला ठाऊक आहेत, त्या चर्चेत येथे शिरायचे नाही. हा लेख ज्यांच्या घरात युकुलेले आलेच आहे त्यांच्यासाठी. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. संगीताचे सर शाळेत आठवड्यातून एकच दिवस येतात. उरलेल्या दिवसांत मुले आपापली युकुलेले घेऊन शिक्षक-खोलीत येतात, कारण आमच्या खणात बारीक स्क्रू ड्रायव्हर असतो आणि फोनमध्ये सूर मोजणारे ॲप. अशी बरीच वाद्ये हाताखालून गेल्यावर एवढे नक्की सांगता येते, की बहुतेक वेळा दोष मुलाच्या कानात नसतो. तो तारेत असतो, खुंटीत असतो, नाहीतर लाकडात असतो, आणि शोधला तर सापडतो.

आधी तारा कोणत्या सुराला लावायच्या ते पाहू, कारण निम्मा घोटाळा इथेच होतो. वाद्य वाजवण्यासाठी हातात धरले की छताकडची तार जी, मग सी, मग ई आणि जमिनीकडची ए. घरात हार्मोनियम असेल तर आणखी सोपे. मधल्या सप्तकातली पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. पांढरी एक हा सा धरला तर क्रम होतो प, सा, ग, ध. ॲपवर आकडे दिसत असतील तर जी ३९२, सी सुमारे २६१.६, ई सुमारे ३२९.६ आणि ए बरोबर ४४० हर्ट्झ.

आता नीट पाहा. छताकडची तार सर्वांत खालच्या सुराची नाही, खालचा सूर दुसऱ्या तारेचा आहे. गिटार पाहिलेल्या माणसाला हे चुकीचे वाटते. तो ती पहिली तार एक सप्तक खाली उतरवतो. मग तार ढिली पडते, नुसती फडफडते आणि पाच मिनिटांत सूर सोडते. खरे तर तानपुऱ्यातही तारांचा क्रम खालून वर असा सरळ नसतो. आधी पंचम, मग जोडीचे दोन षड्ज आणि सर्वांत खालचा खर्ज शेवटी. म्हणजे ही तऱ्हा आपल्या कानाला परकी नाही. खालच्या जीची जाड तार वेगळी मिळते आणि काही वादक ती मुद्दाम लावतात. पण नेहमीची बारीक तार खाली उतरवून ते साधत नाही.

उलटी गफलत त्याहून महागात पडते. ॲपवर फक्त 'जी' असे अक्षर दिसते. ते कुठल्या सप्तकातले, ते शेजारच्या छोट्या आकड्यावरून कळते. युकुलेलेच्या चारही तारांच्या अक्षरापुढे ४ हवा. मुलांना आम्ही सांगतो, हा आकडा म्हणजे नुक्ता. उर्दूत 'बे' आणि 'ते' यांची काया एकच, खाली एक नुक्ता की वर दोन एवढाच फरक, पण अक्षर बदलते. तसेच इथे. आकडा न पाहता पिळत राहिले की तार वरच्या सप्तकाच्या शोधात तटकन तुटते, आणि मूल घाबरून पुढे महिनाभर खुंटीला हात लावत नाही.

तारांच्या क्रमांकाचाही गोंधळ होतो. पुस्तकात पहिली तार म्हणतात ती जमिनीकडची, ए. वाद्य समोर उभे धरून पाहिले तर पहिली उजवीकडे आणि चौथी डावीकडे. उजवीकडून डावीकडे मोजायचे, हे उर्दू वाचणाऱ्या मुलाला दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

आणि हो, वाद्याचा आकार बघा. नटपासून घोडीपर्यंत तारेची लांबी साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असेल तर ते सोप्रानो, ३८ च्या आसपास कॉन्सर्ट, ४३ च्या आसपास टेनर. या तिघांचे सूर वर सांगितले तेच. पण ४८ ते ५० सेंटिमीटरचे बॅरिटोन असेल तर त्याच्या तारा डी, जी, बी, ई अशा लावतात. त्याला लहान युकुलेलेचे सूर लावायला गेलात तर कधीच जुळणार नाही.

हे सूर आले कुठून? युकुलेले हवाई बेटांचे म्हणून ओळखले जाते, पण त्याची मुळे पोर्तुगालच्या मदीरा बेटात आहेत. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेवेन्सक्रॅग' नावाचे जहाज मदीराहून निघालेल्या मजुरांना घेऊन होनोलुलूला पोहोचले. उसाच्या मळ्यांत काम करायला ही माणसे आली होती. त्यांच्यात तीन सुतारही होते, मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो. मळ्यातला करार संपल्यावर या तिघांनी होनोलुलूत सुतारकाम आणि वाद्ये बनवण्याचे काम सुरू केले. मदीराच्या 'मशेत' नावाच्या छोट्या वाद्याला तिथल्या कोआ लाकडाचे अंग मिळाले आणि युकुलेले जन्मले. राजा कालाकौआ याला ते इतके आवडले की दरबारात वाजू लागले. हवाई भाषेत 'उकू' म्हणजे पिसू आणि 'लेले' म्हणजे उडी मारणे. वाजवणाऱ्याची बोटे तारांवर अशी उड्या मारतात म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेने ते ऐकले आणि मग ते जगभर गेले. त्या काळी तारा आतड्याच्या असत, आज नायलॉनच्या किंवा फ्लुरोकार्बनच्या. आणि इथूनच आपल्या पहिल्या खऱ्या अडचणीकडे येता येते.

नायलॉनची तार नवी असताना ताणत जाते. सकाळी सुरात लावली की दुपारी उतरलेली असते. त्यात वाद्याचा काही दोष नाही, दुकानदाराने फसवलेही नाही. नव्या तारांना स्थिर व्हायला काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडेही लागतात. सबर करणे हा एक उपाय. दुसरा असा, की तार सुरात लावायची, मधोमध बोटांच्या चिमटीत धरून हलकेच वर ओढायची, सोडायची, पुन्हा सूर लावायचा. चारही तारांना असे चार-पाच वेळा केले की बराच ताण निघून जातो. हलकेच म्हटले आहे. रस्सीखेच नव्हे.

तरीही तार उतरत राहिली तर गाठ पाहा. घोडीपाशी बांधलेली गाठ हळूहळू सरकत असेल तर कितीही खुंटी पिळा, उपयोग नाही. वर खुंटीवरही तारेचे दोन-तीन नीट वेढे असावेत, एकमेकांवर चढलेले नकोत. वेढा एकच असेल तर तार निसटते, दहा असतील तर गुंतागुंत होऊन प्रत्येक वेढा सैल पडत राहतो. आणि कृपा करून गिटारची लोखंडी तार लावू नका. आमच्याकडे एकदा असे वाद्य आले होते. थोरल्या भावाने हौसेने गिटारच्या तारा लावल्या होत्या आणि घोडी लाकडापासून अर्धी उचकटली होती. नायलॉनच्या ताणासाठी बनवलेले अंग तो ताण सोसत नाही.

खुंट्या दोन प्रकारच्या असतात. एक, डोक्याच्या बाजूला कान काढल्यासारख्या दिसणाऱ्या, आत दातेरी चाके असलेल्या. दुसऱ्या, डोक्यातून सरळ मागे निघणाऱ्या, नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या. आपल्या सतारीची खुंटी दुसऱ्या जातीची. अशा खुंट्यांवर बहुधा टोकाला बारीक स्क्रू असतो. खुंटी आपोआप मागे फिरत असेल तर तो स्क्रू पाव फेरा आवळा, बस. फार आवळला तर खुंटी धक्क्याने फिरते आणि सूर लावताना कधी अलीकडे, कधी पलीकडे जाते. दातेरी खुंटीचाही स्क्रू कधीकधी ढिला पडतो, तोही तपासावा.

सूर लावताना एक नियम पाळला की निम्मी कटकट मिटते. नेहमी खालून वर या. तार चढी झाली असेल तर ती नुसती उतरवून सुरावर थांबवू नका. सुराच्या खाली न्या आणि मग वर चढवत सुरावर आणा. दातेरी चाकांमध्ये थोडी मोकळीक असते. तार उतरवत थांबलात तर ती मोकळीक तशीच राहते आणि दोन वेळा छेडल्यावर तार आणखी उतरते. चढवत आलात तर दाते एकमेकांना घट्ट टेकलेले राहतात.

पिळताना कधी काही वेळ काहीच होत नाही आणि मग 'टक्' असा आवाज होऊन सूर एकदम उडी मारतो. त्या वेळी खुंटीला दोष देऊ नका. मानेच्या वरच्या टोकाला चार खाचांची एक पट्टी असते, तिला नट म्हणतात (नाटकातला नव्हे). त्या खाचेत तार अडकते आणि ताण साचला की सुटते. तार थोडी ढिली करून बाजूला घ्यायची, खाचेत मऊ शिशाची पेन्सिल दोन-चार वेळा फिरवायची, तार परत बसवायची. शिशाच्या भुकटीवरून ती अलगद सरकते.

इथपर्यंतच्या गोष्टी घरी दहा मिनिटांत होतात. पुढची तक्रार मात्र फसवी आहे आणि मुलाच्या माथी खोटा शिक्का मारते तो हीच. तारा मोकळ्या छेडल्या तर चारही सुरात, पण बोट ठेवून वाजवले की बेसूर.

सातवीतल्या एका मुलीचे असेच झाले होते. युकुलेलेवरचा सर्वांत सोपा सूरसमूह म्हणजे सी मेजर. फक्त पहिल्या तारेवर, तिसऱ्या पडद्यापाशी एक बोट ठेवायचे, बाकी तीन तारा मोकळ्या. तोच तिचा आंबट लागायचा. घरी तिचे चाचा स्वतः बासरी वाजवतात. त्यांनी ऐकून सांगितले, "बेटा, तुला सूर समजत नाही." गंमत अशी, की बेसूर वाजते हे तिला स्वतःलाच ऐकू येत होते आणि त्यामुळेच ती वाजवायला तयार नव्हती. ज्याला कान नाही त्याला हे त्रास कशाला देईल?

आम्ही ॲप लावून पाहिले. पहिली तार मोकळी ४४० वर, बरोबर. तिसऱ्या पडद्यावर सी यायला हवा, तर काटा उजवीकडे, म्हणजे सूर चढा. पहिल्या पडद्यावर त्याहून जास्त चढा. बाराव्या पडद्यावर जवळजवळ ठीक. एवढ्या तीन नोंदींवरून रोग कळला. नटच्या खाचा पुरेशा खोल नव्हत्या, तार पडद्यांपासून उंच राहत होती. नटजवळच्या पडद्यावर बोट टेकवायला तार जास्त खाली दाबावी लागे आणि दाबताना ती ताणली जाऊन सूर चढे. नटपासून दूर गेले की हा परिणाम कमी होतो, म्हणून बारावा पडदा ठीक. युकुलेले लहान असल्याने हा दोष जास्त बोचतो. सोप्रानोवर पहिला पडदा नटपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर असतो, गिटारवर साडेतीनहून जास्त.

घरी तपासायचे असेल तर तार तिसऱ्या पडद्यापाशी दाबा आणि पहिल्या पडद्यावर किती फट राहते ते पाहा. कागद जाईल एवढी बारीक फट हवी. नखाएवढी दिसली तर नट उंच आहे. खाच खोल करण्याचे काम मात्र स्वतः करू नका. एक घासणी जास्त झाली की तार पडद्यावर टेकून झणझणते आणि मग नटच बदलावा लागतो. आम्हाला मिरज जवळ आहे. तिथे पिढ्यानपिढ्या सतारी आणि तानपुरे बनवणारे मुस्लिम कारागीर आहेत. त्यांच्यापैकी एका चाचांनी युकुलेले हातात घेतले, उलटसुलट केले, हसून विचारले, "हे कुणाचे पिल्लू?" आणि बारीक कानशीने चारही खाचा नीट केल्या. वेळ लागला चहा निवायला लागतो तेवढा. त्या संध्याकाळी मुलीचा सी मेजर लागला. घरच्या चाचांना तिने मुद्दाम ऐकवला, असे तिने दुसऱ्या दिवशी सांगितले. ते काय म्हणाले, ते मात्र सांगितले नाही.

उलट स्थितीही असते. पहिला पडदा ठीक, पण वर जाताना सूर बिघडत जातो. त्याची कसोटी बाराव्या पडद्यावर. तिथे, पडद्याच्या पट्टीच्या अगदी वर, तारेला बोट नुसते टेकवून छेडा आणि लगेच उचला. घंटीसारखा बारीक सूर येईल. मग त्याच पडद्यावर तार नीट दाबून छेडा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर आधी तारा बदलून पाहा. जुनी, झिजलेली तार सर्वत्र सारखी जाड राहत नाही आणि हाच दोष दाखवते. नव्या तारांनीही फरक पडला नाही, तर घोडीवरची पट्टी उंच आहे किंवा घोडीच जागेवर नाही. पट्टी खालून घासून कमी करता येते. घोडी चुकीच्या जागी चिकटवलेली असेल तर स्वस्तातल्या वाद्यावर तो खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कधी दोष खरोखर बोटाचा असतो, पण कानाचा नव्हे. मुले ताकद लावून दाबतात. ॲप चालू ठेवून एकच तार आधी हलकी, मग जोरात दाबायला सांगा. काटा सरकताना दिसला की मूल आपोआप सैल होते, आपल्याला बोलावेही लागत नाही. बोट पडद्याच्या पट्टीला लागूनच मागे ठेवावे, म्हणजे कमी जोर पुरतो. तार बाजूला ओढली जात नाही ना, तेही बघावे.

हवेचेही पाहिले पाहिजे. पावसाळ्यात लाकूड ओल घेते आणि फुगते, उन्हाळ्यात आकसते. घर्षणाची लाकडी खुंटी म्हणून उन्हाळ्यात सैल पडते आणि पावसात जाम होते. कोकणातल्या घरात वाद्य भिंतीला टांगण्यापेक्षा पिशवीत ठेवलेले बरे. उन्हात उभ्या गाडीत तर कधीच ठेवू नये, उष्णतेने सरस सुटतो आणि घोडी उचकटते. घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का, ते अधूनमधून पाहत जा. सरकला तर तारा ढिल्या करून लगेच कारागिराकडे न्या. पंख्याखालच्या खोलीतून बाहेर अंगणात नेल्यावर सूर हलला तर त्यात चिंतेचे काही नाही, दहा मिनिटे थांबून पुन्हा लावावा.

ॲपवर सगळा भरवसा टाकू नये. वर्गातल्या गोंगाटात फोनचा माइक भलताच सूर पकडतो. वाद्याच्या डोक्याला चिमट्यासारखे लावायचे छोटे ट्यूनर मिळतात. ते लाकडाचे कंपन ओळखतात, त्यामुळे आजूबाजूच्या आवाजाचा त्यांना त्रास होत नाही. ॲपमध्ये वाद्य 'युकुलेले' निवडले आहे ना आणि मूळ माप ४४० वर आहे ना, तेही पाहावे. मुले बटणे दाबत बसतात आणि माप कुठेतरी सरकलेले असते. मग घरातली दोन वाद्ये एकमेकांशी कधीच जुळत नाहीत.

काहीच हाताशी नसेल तर वाद्य स्वतःच स्वतःला जुळवू शकते, आणि मुलाचा कान तयार व्हायला याहून चांगली तालीम आम्हाला माहीत नाही. सीची तार कुठल्याही ओळखीच्या सुराशी, हार्मोनियमच्या पांढरी एकशी, लावा. तीच तार चौथ्या पडद्यावर दाबली की ई मिळतो, त्याला ईची तार जुळवा. ईची तार तिसऱ्या पडद्यावर जी देते आणि पाचव्यावर ए. झाल्या चारही तारा. खात्रीसाठी जीची तार दुसऱ्या पडद्यावर दाबा, एच्या मोकळ्या तारेशी ती एक झाली पाहिजे. दोन सूर जवळ आले पण जुळले नाहीत, की आवाज लाटेसारखा वरखाली होतो. जसजसे जुळत जातात तसतशी लाट मंदावते आणि शेवटी थांबते. पाचवीतले मूलही ही लाट ऐकते. पहिल्यांदा ऐकते तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

तारांचा एक जादा संच घरी असू द्या. काही शे रुपयांची गोष्ट आहे. बदलताना चारही तारा एकदम काढू नका, एक काढा, तिच्या जागी नवी लावा, मग दुसरी. कोणती तार कुठे आणि गाठ कशी, याचा नमुना शेवटपर्यंत शेजारी राहतो.